जेनिफरच्या वर्गातली ताई

टोरांटोच्या विमानतळाबाहेर पडले तेव्हा बॅगेत गूळपोळ्यांचा डबा होता आणि मनात एकच इच्छा: ताईनं मला एकदा ‘ठमे’ म्हणावं. आईवडील गेले, भाऊजी गेले; मला ठमी म्हणणारं जगात तेवढं एकच माणूस उरलं होतं. आणि तिलाच विस्मरणाचा आजार जडला होता. नाशिकहून फोन केला की पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा.

तिचा मुलगा अजय न्यायला आला होता. “सॉरी मावशी, सकाळी ड्राइव्हवे शोव्हल करावा लागला,” म्हणाला. (शोव्हल करणं म्हणजे दारातला बर्फ फावड्यानं उपसणं, तिथल्या मराठीत हे रोजचंच.) वाटेत त्यानं कॉफी आणि डोनट घेऊन दिलं. मेदूवडा चुकून पाकात पडावा तशी चव. ताईचं उपनगर, रिचमंड हिल, येईपर्यंत दोन्ही बाजूंना एकसारखी घरं आणि त्यांवर एकसारखा बर्फ.

“मावशी, फार एक्स्पेक्ट करू नकोस हं,” तो मध्येच म्हणाला. मी डोनट चावत राहिले.

ताई राहते ते वृद्धांचं केंद्र स्वच्छ आणि उबदार आहे. दारात बूट ठेवायच्या रॅकवर बुद्धाची मूर्ती, वॉशरूमच्या भिंतीवर कमळ आणि ॐ. ताई खिडकीपाशी बसली होती. केस बारीक कापलेले. मी डबा उघडला. तिनं तुपाची बोटं चाटत अख्खी पोळी संपवली आणि मला म्हणाली, “व्हेरी नाइस. थँक यू, डिअर.”

मी डब्याचं झाकण लावलं.

मग योगवर्ग. “इथले लोक म्हणाले, तिच्या कल्चरचं काहीतरी हवं. मी ओके म्हटलं,” अजयनं सांगितलं. अरे, कुणाचं कल्चर? ताई फिजिक्सची प्राध्यापक. घरात कधी देव्हारा ठेवला नाही. सत्यनारायणाला जायची ती शिऱ्यासाठी. जन्मात एक आसन केलं असेल तर शपथ!

वर्ग घेणारी जेनिफर मनानं चांगली पोर. मी भारतातून आले म्हटल्यावर तिनं मला पुढे बसवलं आणि ॐकार म्हणायला लावला. माझा ॐ खोकल्यात अडकला आणि घातलेली मांडी सुटेना. अखेर अजयनं हाताला धरून उठवलं. ताई मात्र खुर्चीत बसून जेनिफर सांगेल तसे हात वर नेत होती, डोळे मिटत होती. जिनं आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही, ती! मला ते बघवेना.

पुढचे दिवस असेच गेले. मी रोज जायचे, रोज ती मला नव्यानं ‘हॅलो’ म्हणायची.

निघायच्या दिवशी वर्ग संपताना पोहोचले आणि ताईच्या पायांवर डोकं ठेवलं. लहानपणापासून मी वाकले की ती पाठीत एक धपाटा घालायची, “ऊठ ठमे, पुरे झालं नाटक!” मी वाट बघत तशीच वाकून राहिले. धपाटा आला नाही. वर पाहिलं तर ताईनं छातीशी हात जोडले होते. मान लववून ती जेनिफरच्या सुरात म्हणाली, “नमस्ते.”

थोरली बहीण धाकटीपुढे वाकली होती. तिथे वर्ग संपला की सगळे असंच म्हणून निरोप घेतात.

“ब्यूटिफुल!” जेनिफरचे डोळे भरून आले. माझेही भरले होते. तिला वाटलं, कारण एकच.

परतल्यावर लोक कौतुकानं विचारतात, “तिकडे म्हणे आपला योग, ध्यान, सगळं पोहोचलंय?” हो, पोहोचलंय. पण मला त्याचा अभिमान वाटत नाही, राग येतो, आणि तो कुणावर काढावा तेही कळत नाही. ताईच्या मनातून आई गेली, भाऊजी गेले, मी गेले. म्हातारपणी शिकवलेलं ते नमस्ते तेवढं राहिलं. इथे मला नावानं हाक मारणारी माणसं पुष्कळ आहेत. ठमी मात्र रिचमंड हिललाच संपली.