मच्छीचं बुकिंग

ताजं डांबर फासलेल्या लाकडाचा वास आला की मला आमच्या गावाजवळचं छोटं स्टेशन आठवतं. महायुद्धाच्या काळात बंद पडलेलं ते स्टेशन बऱ्याच वर्षांनी पुन्हा सुरू होणार होतं, आणि रुळांखाली डांबर फासलेले नवे लाकडी स्लीपर टाकले होते. मी नुकतीच लग्न होऊन सासरी आले होते. सासूबाई तलावातले मासे डोक्यावर घेऊन आठ मैल चालत ब्रह्मपुरीच्या बाजाराला जायच्या. आता गाडीने जायचं म्हणून त्यांनी ठेवणीतलं लुगडं काढलं होतं. पळसाच्या पानांनी झाकलेल्या दोन टोपल्या घेऊन आम्ही सकाळीच फलाटावर पोचलो. इंजिनाला झेंडूच्या माळा घातलेली गाडी आली आणि आम्ही डब्याकडे वळलो, तोच स्टेशनमास्तर आडवे आले. "मच्छीचं बुकिंग अजून सुरू नाही. फक्त माणसं बसतील." सासूबाईंनी हात जोडले. "भाऊ, मच्छी इथी सोडून मी बाजारात जाऊन काय करू? काऊन अडवून राह्यले?" मास्तरांनी उद्घाटनाचा पेढा पुढे केला. सासूबाईंनी तो घेतला नाही. गाडी जवळजवळ रिकामीच गेली, आणि आम्ही रुळांच्या कडेने चालत निघालो. बाजारात पोचेपर्यंत ऊन चढलं होतं, मासे मऊ पडले होते. कोणी हातही लावला नाही. परतताना सासूबाईंनी दोन्ही टोपल्या नाल्यात उपड्या केल्या. पुढे बुकिंग सुरू झालं, तरी त्या थकेपर्यंत बाजाराला पायीच गेल्या. मी मात्र त्याच गाडीने मासे नेले, आणि रोज त्याच मास्तरांना हसून नमस्कार केला. माझ्या त्या हसण्याची चीड मला अजून येते.