जांभळ्या गालाची आई

नीलम आमच्या मानखुर्दच्या चाळीतली. शाळेत चित्रकला शिकवते आणि लहानपणापासून माझ्याशी भांडते. तिने काढलेली माणसं हिरवी, निळी, कशीही! नंदकिशोरकाकांना पिवळं काढलं, तर काकू म्हणाल्या, "यांना कावीळ झालीय की काय गं?" पंधरा वर्षं चेहरे काढतेय, पण चाळीत एकाही भिंतीला तिचं चित्र लागलं नव्हतं.

माझी आई सोनूबाई गेली. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात, तिच्या आठवणीत जमणाऱ्या लोकांसमोर ठेवायला फोटो एकच, आधार कार्डावरचा. स्टुडिओवाल्याने तो मोठा केला आणि न विचारता गोरा केला. गेलेल्या माणसाला गोरं करायची आमच्याकडे रीतच आहे, काय बोलणार! आणलाच म्हणून भिंतीला लावला. बाबांनी मोतीबिंदूचे डोळे बारीक केले. "कोण रे ही बाई?" पन्नास वर्षांचा संसार, आणि बायको ओळखू येईना.

म्हणून नीलमकडे गेलो. कार्यक्रमाच्या सकाळी तिने चित्र आणलं, आणि डोकंच फिरलं माझं! कपाळ विटकरी, गाल जांभळा, आणि कपाळावरून नाक, हनुवटी, मान, खांदा अशी जाडजूड काळी एकच रेघ.

"नीलम, आईची वाट लावलीस तू!"

"गप रे भीमराज. आईचा रंग एकच होता का? घाटकोपरला उन्हात भाजी विकताना विटकरी, संध्याकाळी दारात बसली की जांभळी. मला दोन्ही हव्या होत्या."

"आणि मान वाकडी का?"

"विसरलास? एका कानाने ऐकू येत नव्हतं ना तिला. चांगला कान पुढे करून बसायची. कार्डासाठी तिला सरळ बसवली, तिथेच तिची ओळख गेली. ही रेघ मी सतरा वेळा काढली, तेव्हा कुठे मान बसली."

तरी माझा राग काही उतरेना. पाहुणे जमले होते. मी चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवणार, तेवढ्यात बाबा दारात आले आणि थांबले. मग चाचपडत चित्रापाशी गेले, बरोबर चांगल्या कानाच्या बाजूला. वाकले आणि तिच्याशी बोलायचे तसंच मोठ्याने म्हणाले, "सोने, बघ किती लोक आलेत!"

मग काकूंनी डोळे पुसले. "नीलम, आमच्या ह्यांचं ते पिवळं चित्र ठेवलंयस का गं? आण ते."

नीलम रडता रडता हसत सुटली. मी स्टुडिओचा फोटो उतरवला आणि त्याच खिळ्यावर आईला लावली.