अव्वांचं पूजेचं पाणी

गेल्या सोमवारपर्यंत ही गोष्ट माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. बायकोलाही नाही. आता उमरग्याच्या एका घरात ठाऊक झाली आहे, आणि तुम्हाला सांगतोय. जरा अडखळत सांगेन — चालवून घ्या.

माझा धंदा ऐकून लोक हसतात. मी लोकांच्या बंगल्यामागं हौद बांधतो, कारंजी बसवतो, मग त्यांची निगा राखतो. आणि हे कुठं, तर धाराशिव जिल्ह्यात. जिथं उन्हाळ्यात टँकरचा आवाज आला की घागरी पळत सुटतात, तिथं कारंजी? पण ज्यानं घागरी घेऊन पळण्यात बालपण घालवलं, त्यालाच हातात पैसा आल्यावर दारात पाणी खेळवायची हौस येते. मी आधी बोअरच्या मोटरी दुरुस्त करायचो. एकाच्या अंगणात कारंजं उडवलं, दुसऱ्यानं पाहिलं, आणि मी कारंजेवाला मिस्त्री झालो.

शिवराजअण्णांनी उमरग्यात नवा बंगला बांधला तेव्हा मागच्या बाजूला हौद करायचं काम मला दिलं. कापडाचं दुकान, लिंगायत घर, बोलायला गोड माणसं. वास्तुशांतीला कारंजं उडालं पाहिजे आणि हौदात रंगीत मासे पाहिजेत, एवढीच अण्णांची इच्छा होती. आता नवा सिमेंटचा हौद आधी मुरवावा लागतो. पाणी भरायचं, केळीचं खोड तुकडे करून टाकायचं, काही दिवसांनी सगळं उपसून घासायचं, पुन्हा भरायचं — असं तीन-चारदा. नाहीतर सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो आणि मासे मरतात. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. मीच लोकांना शिकवत फिरायचो. पण दुसऱ्या गावची कामं अंगावर घेऊन मी हा हौद रखडवला होता. आणि 'मासे महिन्यानं सोडू' असं अण्णांना म्हणायची हिंमत झाली नाही. त्यांच्या शब्दावर सगळ्या कॉलनीची कामं मिळायची होती. मी हौद एकदा धुतला, भरला आणि मासे सोडून दिले. पाहुण्यांनी फोटो काढले, माझं कौतुकही झालं.

त्याच आठवड्यात मासे उताणे तरंगायला लागले.

आता अव्वांबद्दल सांगायला हवं. अव्वा म्हणजे अण्णांच्या आई. रोज सकाळी डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा करायच्या, भस्म लावायच्या. पूजेचं पाणी कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून जुन्या घरी जास्वंदीच्या बुडाशी ओतायच्या. नव्या बंगल्यात सगळीकडं फरशी, माती औषधालाही नाही. मग त्या ते हौदात ओतू लागल्या. वाटीभर पाणी, त्यात चिमूटभर भस्म — तेवढंच.

अण्णांचा फोन आला तसा मी गेलो. मेलेले मासे बादलीत काढून ठेवलेले. अण्णा विचारत होते, हे झालं कशानं? आणि मला हौदाच्या काठावर भस्माचा पांढरा ओघळ दिसला. मी म्हणालो, "पाण्यात भस्म जातंय, अण्णा. राख माशांना चालत न्हाई." इतकं सहज कसं सुचलं मला? साधा घसा खाकरावा लागला नाही. अव्वा मागं दारातच उभ्या होत्या.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं तर चोरच निवाडा करायला बसला होता.

पुढचं त्याहून वाईट. मी हौद उपसला, या वेळी नीट मुरवला, आणि नवे मासे सोडले. ते जगले. जगणारच होते. पण घरात सगळ्यांना वाटलं, अव्वांनी पाणी ओतायचं थांबवलं म्हणून जगले. माझं खोटं माझ्याच चांगल्या कामानं खरं करून दाखवलं.

अव्वांना कुणी रागावलं नाही, ते घर तसलं नाही. पण ज्या बाईनं जन्मात अंड्याला हात लावला नाही, तिच्या देवाच्या पाण्यानं जीव गेले — हे तिच्या मनात मी घातलं. त्या दिवसापासून अव्वा पाण्याची वाटी घेऊन फाटकाबाहेर जायच्या. गुडघे दुखत असताना रस्ता ओलांडायच्या आणि पलीकडच्या कडुलिंबाच्या बुडाशी पाणी ओतायच्या. हौदाजवळून जाताना वाटीवर पदर धरायच्या. थेंब उडू नये म्हणून. शेवाळ काढायला, मोटर साफ करायला सकाळी गेलो की मला हे दिसायचं. वर्षानुवर्षं दिसत होतं. मी काय केलं? सकाळी जायचं सोडलं, दुपारी जाऊ लागलो.

सोमवारी मोटर अडकली म्हणून सकाळीच जावं लागलं. अण्णांच्या मुलाचं नुकतंच लग्न झालंय. अव्वा हौदापासून लांब खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि त्या नव्या नातसुनेला सांगत होत्या, "पूजंचं पानी हौदात टाकू नको बाई. माज्या हातनं एकदा मासे मेलेत. ह्या मिस्त्रीनं सांगितलं म्हून कळलं." त्या पोरीनं मान डोलावली. म्हणजे आता हिचाही रस्ता सुरू होणार? माझं खोटं माझ्यादेखत पुढच्या पिढीकडं चाललं होतं. मी मोटर खाली ठेवली.

"अव्वा, ते मासे तुमच्या पान्यानं मेले न्हाईत. म्या हौद मुरवला नव्हता. चूक माजी हुती."

अव्वा माझ्याकडं वळल्या. मग म्हणाल्या, "तुला तवाच म्हाईत हुतं?"

"व्हय."

"लई दिस रस्ता वलांडाय लावलास की रं."

त्या उठून आत गेल्या. त्यांची पूजा व्हायची होती. मी तिथंच उभा राहिलो. पळून जाण्यात तसा माझा हातखंडा, पण पाय हलले नाहीत. बऱ्याच वेळानं त्या वाटी घेऊन आल्या आणि हौदाच्या काठाशी थांबल्या. मग पाणी ओतलं. मासे वर आले, पांढऱ्या पाण्यात तोंड घालून खायला काही आहे का ते पाहिलं, आणि नाही म्हणून खाली गेले. अव्वा ते वाकून बघत राहिल्या. माझ्याकडं पाहिलं नाही. नातसुनेला एवढंच म्हणाल्या, "खुर्ची हिकडं आन."

दुकानात जाऊन अण्णांनाही मीच सांगितलं. त्यांनी हातातलं कापड घडी करून ठेवलं आणि हौदाला आता दुसरा माणूस बघतो म्हणाले. बरोबरच आहे. परत येताना ढाब्यावर थांबलो आणि कधी नव्हे तो पोटभर जेवलो. हलकं वाटतंय, खोटं कशाला बोलू?

अव्वांनी मला माफ केलं की नाही, ते मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही. इतकी वर्षं त्यांनी रस्ता ओलांडला तो माझ्यामुळं.