त्याला काय म्हणायचं?

खोली भाड्यानं घेताना घरमालकिणीनं विचारलं, "तुमी दोघं एकमेकांचं कोण?" मी तोंड उघडायच्या आत तो बोलून गेला, "माझ्या मामाची पोरगी हाय."

मी कपाळावर हात मारून घेतला. खोटंच बोलायचं होतं तर चुलतबहीण म्हणायचं. मामाच्या मुलीशी तर आमच्या मुलखात हक्कानं लग्न लावतात. घरमालकीण पदर तोंडाला लावून हसली. "मंग लगीन का न्हाय केलं?" म्हणाली, आणि किल्ली दिली. भला माणूस, पण अक्कल नेहमी दोन पावलं मागं.

सोलापूरच्या गिरणीत तो मागावर होता आणि मी मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायच्या कामाला. मी सोळाव्या वर्षी विधवा झालेली. तो दुधनीकडच्या एका खेड्यातला, घरी कानडी बोलणारा. गावी बायको आणि दोन मुलं. आमच्यात विधवेचा पाट लावतात, पण त्याची जात वेगळी, माझी वेगळी. पंचांना विचारायला गेलो असतो तर पाट राहिला बाजूला, चाळीतनंही हाकललं असतं. म्हणून तो माझा आतेभाऊ झाला.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. सगळ्या चाळीला ठाऊक होतं. नळावर कुणीतरी विचारायचंच, "काय गं, आतेभाऊ आला का कामावरनं?" मीही तोंडाची फटकळ. "आला की. तुझा नवरा आला का गुत्त्यावरनं?" मग सगळ्या हसायच्या, मीही हसायची. हळदीकुंकवाला मात्र मला कुणी बोलवत नव्हतं. मी दार लोटून आत बसायची.

गिरणीत मागांच्या धडधडीत हाक कुणालाच ऐकू येत नाही, सगळे हातवाऱ्यांनी बोलतात. तिथं आम्ही चारचौघांसारखेच होतो. पंचाईत घरी. त्याला काय म्हणायचं? बाकीच्या बायका पोराचं नाव घेऊन 'अमक्याचा बाप' म्हणायच्या, आम्हाला पोर नव्हतं. नाव घ्यावं, तर नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी बायको नव्हते तरी जीभ रेटत नव्हती. उरलं 'अवं'. आमच्याकडं प्रत्येक बाई नवऱ्याला अवं म्हणूनच हाक मारते. पण ते लग्नाच्या बाईचं. मी म्हटलं तर चोरी केल्यासारखं वाटलं असतं. तो मला 'हे बघ' म्हणायचा. मी काहीच म्हणायची नाही. चुलीकडं तोंड करून सांगायची, "भाकरी झाली." "नळाला पाणी आलंय." सहा वर्षं मी त्या माणसाशी अशी बोलले, वाऱ्याशी बोलल्यासारखी.

मग त्याची छाती भरली. खोकल्यानं तो मागापाशी उभा राहीना. डॉक्टर म्हणाले, गावी न्या, हवा बदला. कुणीतरी निरोप धाडला आणि त्याचा थोरला भाऊ न्यायला आला. दारात उभं राहून त्यानं मला खालीवर पाहिलं.

"तुमी कोण?"

"मी... मामाची मुलगी."

"आमच्या मामाला पोरगीच न्हाय की," तो म्हणाला.

सहा वर्षांत पहिल्यांदा त्या खोट्याला खरा साक्षीदार भेटला होता. भावानं अंथरुणाकडं वळून कानडीत विचारलं, ही कोण? मी भांडं हातात धरून तशीच उभी राहिले. तो काय उत्तर देतो याची जितकी वाट पाहिली, तितकी मी जन्मात कशाची पाहिली नाही. तो भिंतीकडं बघून म्हणाला, शेजारची. मला कानडी येत नाही असं त्याला वाटत होतं. एवढी येत होती.

असा राग आला की त्याची कपबशी भिंतीवर आपटावी. आपटली नाही. त्याचं गाठोडं बांधून दिलं, धुतलेलं धोतर वर ठेवलं. जाताना तो उंबऱ्यात थांबला, "हे बघ" म्हणाला, आणि खोकल्यानं पुढचं राहून गेलं. भाऊ त्याला धरून टांग्याकडं घेऊन गेला.

मी चूल फुंकायला बसले. मग कळलं, एकट्यासाठी किती पीठ मळायचं हेच मला आठवत नाही. आणि हेही कळलं, की आता हा जगला काय, मेला काय, मला कळवायला कुणी येणार नाही. शेजारणीला कोण कळवतं? परात तशीच टाकून मी स्टेशनकडं धावत सुटले.

वाटेत एक गोष्ट डोक्यात आली. त्याची बायको कानडी. ती त्याला 'री' म्हणत असणार, त्यांच्यातल्या बायका म्हणतात तसं. म्हणजे अवं कुणाचंच नव्हतं. इतकी वर्षं मोकळं पडलं होतं आणि मी हात लावायला भीत बसले होते.

फलाटावर पोचले तेव्हा गाडी हललीच होती. दुसऱ्या की तिसऱ्या डब्यात तो दिसला, खिडकीला पाठ करून, मान खाली घालून बसलेला. मी सगळ्या लोकांदेखत ओरडले, "अवं! अवं!"

फलाटावरचे चार-पाच पुरुष वळले. डब्यातल्या एका म्हाताऱ्यानं डोकं बाहेर काढलं. तो वळला नाही. माझी हाक त्याच्या कानापर्यंत गेली होती, इतक्या जवळ मी होते. त्याला वाटलं असेल, कुणाची तरी बायको कुणाला तरी हाक मारतेय.