एकाच मुळाचे तीन फोटो

अंधेरीच्या एका कॉलेजात, वनस्पतिशास्त्र विभागात, नलिनी परब सत्तावीस वर्षं लॅब अटेंडंट होती. कागदावर तिचं काम बाटल्या धुण्याचं. पण मोहरीच्या दोऱ्याएवढ्या मुळाचे आडवे काप तिच्यासारखे कुणालाच जमत नसत. गाजराच्या फोडीत मूळ धरायचं, ब्लेड सरकन ओढायचं, पाण्यात तरंगणारा सगळ्यात पातळ काप ब्रशने उचलायचा. विभागप्रमुख नंदकिशोर सावे सरांचं संशोधन या हातावर चाललं होतं.

ते संशोधन कसलं, हे पीएचडी करणाऱ्या तेजलने तिला एकदा समजावलं होतं. "ताई, मुळाच्या आतल्या पेशी शेजारणींना निरोप धाडतात, शेजारणी उलट निरोप देतात. त्यावरून ठरतं, पाण्याची बारीक नळी कुठे आणि रुंद कुठे. या निरोपांत संप्रेरकंही असतात. आपण त्यातलं एक जास्त घालतोय. मग कडेच्या बारीक नळ्या व्हायलाच नकोत."

नलिनीने चाळीस मुळं कापली. अकरांत कडेच्या नळ्या खरंच नव्हत्या. बाकीच्यांत त्या लाल रंग पिऊन जागच्या जागी उभ्या. सरांचा चेहरा उतरला.

पुढच्या महिन्यात सरांच्या टेबलावर छपाईला जायचा लेख पडला होता. संप्रेरकाच्या तीन मात्रा, तीन फोटो. फडकं मारता मारता नलिनी थांबली. तिन्हीत डाव्या अंगाला तीच बारीकशी चीर, तिचं ब्लेड अडखळलं होतं ती. एक फोटो सरळ, दुसरा फिरवलेला, तिसरा उलटा.

"सर, हे एकच मूळ आहे."

"नलिनीताई, तुम्हाला यातलं काय कळतं?"

"मुळातलं नाही कळत. माझा काप मला कळतो."

सर हसले. "अहो, आभारात तुमचं नाव घातलंय. बघा तरी."

"ते काढा."

त्यांनी तिच्यादेखत लॅपटॉपवर नाव पुसलं आणि सुटल्यासारखा श्वास सोडला. फोटोंपेक्षा त्या श्वासाची तिला जास्त शिसारी आली.

तेजल बेसिनपाशी स्लाइड धूत होती. "फोटो कुणी लावले गं?" नलिनीने विचारलं.

"मी. सरांनी सांगितलं. माझी तीन वर्षं आहेत ना यात, ताई."

या पोरीला तिने स्वतःच्या डब्यातली घावनं भरवली होती. "माका किळस येता तुझी," ती म्हणाली आणि दिंडोशीला घरी निघून गेली.

लेख छापून आला, सरांचा सत्कारही झाला. नलिनीने प्राचार्यांना अर्ज दिला: काप करणं माझ्या कामात बसत नाही. त्यात फोटोंचंही लिहिलं होतं. फोटोंची चौकशी झालीच नाही. ती बाटल्या धुवत राहिली. सरांनी काप करायला दुसरी दोघं आणली. त्यांच्या हातून मुळांचा भुगा झाला.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तेजल आली. तिने प्रबंधात खरे आकडे घालायचे ठरवले होते. सर तिच्याशी बोलेनासे झाले होते. "मला कापायला शिकवाल?"

नलिनीने हात पुसले आणि गाजर घेतलं. "चाळीस कापायची, तर चाळीस मोजायची."

आठवडाभर तिने शिकवलं. रोज तेजल कँटीनमधून दोन चहा आणायची. नलिनीने तिच्या हातचा चहा घेतला नाही.