सुमनची यादी, माझी सही

जुन्नरच्या एसटी स्टँडवर आणे गावाच्या गाडीसाठी थांबलेली एक बाई मला बघून जवळ आली. जिथं मी नव्वदच्या दशकात शिक्षिका होते, त्या पठारावरच्या वाडीतली. म्हणाली, "बाई, सुमन गेली. म्हैना व्हत आला. ताप अंगावर काढला तिनं." गाडी लागली, ती चढून गेली. मी तिथंच उभी... मला कुणी कळवलं नव्हतं. कळवावं असं मी काही ठेवलंही नव्हतं.

सुमन माझ्याच वयाची, चौथी शिकलेली. तिची नंदा माझ्या वर्गात होती. नऊ वर्षांची झाली तरी तिला चार-दोन शब्दच यायचे, अक्षर तर एकही नाही. पण वर्गाबाहेर विखुरलेल्या सगळ्या चपला जोडीनं लावल्याशिवाय ती आत यायची नाही, आणि कुठली चप्पल कुणाची हे तिला पक्कं ठाऊक असायचं. आम्ही दोघी तिला पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. ते म्हणाले, ही सावकाश शिकेल, पण शिकेल. हिला चार मुलांतच ठेवा, फक्त शिकवायला या कामाचं शिक्षण घेतलेलं कुणीतरी हवं. परतताना सुमन गाडीत अख्खी वाट बोलत होती. दुसऱ्याच दिवशी ती मला तालुक्याच्या कचेरीत घेऊन गेली. तिथले साहेब म्हणाले, एका पोरीसाठी शिक्षक मिळत नसतो, अशी आणखी मुलं असतील तर यादी आणा.

मग सुमन घरोघर फिरली. लोक अशी मुलं दाखवत नसत. मामाकडं गेलाय म्हणायचे, आणि आतून त्याच पोराचा आवाज यायचा. सुमन भर दुपारी नंदाचा हात धरून उंबऱ्याशी उभी राहायची आणि म्हणायची, "ही माझी. आता तुमची दावा." दोन महिन्यांत तिनं अकरा मुलं शोधली. यादी माझ्या अक्षरात झाली. मी 'बोलत नाही', 'चालत नाही' असं लिहायला लागले तेव्हा तिनं माझा हात धरला. "काय येत न्हाई ते समदेच सांगत्यात, बाई. काय येतं ते लिवा." म्हणून मी लिहिलं, चपला ओळखते. शेळ्या मोजून आणतो. ऐकून भजन म्हणतो... इतकी सुंदर यादी मी आयुष्यात पुन्हा लिहिली नाही.

शिक्षक आला नाही. जूनमध्ये मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. कचेरीत दिलेली यादी फिरून त्यांच्या टेबलावर आली होती. त्यातली सात मुलं, बरीचशी नावापुरतीच, आमच्या पटावर होती आणि शाळेच्या निकालात ती अडचणीची ठरत होती. ते म्हणाले, "ही मुलं वेगळी आहेत असं तुम्हीच लिहून दिलंत ना? मग विशेष शाळेत पाठवली असं दाखवा आणि नावं कमी करा." तशी शाळा आमच्या आसपास कुठंच नव्हती, हे त्यांनाही माहीत होतं. पण माझा जुन्नरला बदलीचा अर्ज त्याच टेबलावर होता, त्यांच्या शिफारशीची वाट बघत. त्यांनी तो नुसता थोडा पुढं सरकवला. मी सही केली. सात नावांवर रेघ मारली, तीही माझ्याच हातानं.

सुमनला मी सांगितलं नाही. तेव्हा शाळेत हजेरीवर महिन्याचा तांदूळ मिळायचा. वाटपाच्या दिवशी नंदा पिशवी घेऊन रांगेत उभी राहिली. सगळी नावं संपली, रांग मोडली, तरी ती उभीच. संध्याकाळी सुमन माझ्या खोलीवर आली. आत बस म्हटलं तरी बसली नाही.

"पटावर रेघ मारलीया. बाजूला तुमचंच अक्षर हाय."

"सुमन, वरून सांगितलं होतं गं..."

"वरून सांगितलं आसंल. सही तुमची हाय. आदी मला सांगायचं व्हतं, बाई. मी त्या घरांनी जाऊन पाया पडले असते. आता लोक म्हनत्यात, सुमननं गोड बोलून पोरांची नावं कापवली." ती रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती माझ्याकडं बघत राहिली, जणू ओळख लागत नव्हती. महिन्याभरात माझी बदली झाली.

त्या बातमीनंतरच्या आठवड्यात मी वाडीवर गेले. सुमनच्या पडवीत चार मुलं सतरंजीवर बसली होती, नंदा आता पंचविशीची, त्यांना पाणी देत होती. तालुक्याहून आठवड्यातून एकदा येणारी विशेष शिक्षिका समोर होती. ही नेमणूक गेल्या काही वर्षांतली. मला पाहुणी समजून ती कौतुकानं सांगू लागली, "मी पहिल्यांदा आले तेव्हा सुमनताईंकडे मुलांची यादी मागितली. म्हणाल्या, कागुद न्हाई देनार. चल, घरं दावते. लोकांनी दारं लावून घेतली होती, तरी वर्षभर माझ्याबरोबर हिंडल्या. तेव्हा ही चार मिळाली. आपण कोण?"

मी काही बोलायच्या आत आतून सुमनची जाऊ म्हणाली, "ह्याच त्या."

शिक्षिकेनं मांडीवरची वही मिटली. कुणी मला जा म्हणालं नाही, बस म्हणालं नाही. मी जावेला विचारलं, शेवटी ती माझ्याबद्दल काही बोलली का? "न्हाई. तुमचं नावच न्हाई काढलं कदी." शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं...

निघताना मी सवयीनं पडवीचं दार ओढून घेतलं. "लावू नका," जाऊ म्हणाली. "दुपारचं दार लावायचं न्हाई, आसं तिचं व्हतं. लावलेलं दिसलं की पोरं माघारी जात्यात." मी वळेपर्यंत नंदा उठली होती. तिनं दार भिंतीला टेकेपर्यंत उघडलं, खाली दगड लावला, आणि माझ्याकडं न बघता आत गेली.