लिस्बनला विकलेलं गाढव

देओलिंदा मेइरिन्यूश पोर्तुगालच्या एका टोकाला, मिरांडा गावच्या शाळेत आठवड्यातून एक तास आमची मिरांडी भाषा शिकवते. मी शाळेची बस चालवतो, त्यामुळे तिची प्रत्येक नवी गोष्ट आणि कविता वर्गाच्या आधी माझ्या कानावर आदळते. नाही म्हणायची सोय नाही. तिची गाडी बिघडली की, म्हणजे महिन्यातून दहा दिवस, ती माझ्या मागच्या सीटवर बसते, पिशवीतून कागद काढते आणि म्हणते, "आबिलियो, ऐक. आणि खोटं बोलू नकोस."

लहान मुलांना देण्यासारखं आमच्या भाषेत तिच्या हाताशी काही नव्हतं, म्हणून ती स्वतःच लिहायला लागली. फळ्यावर शब्दांची यादी मांडली की पोरं खिडकीबाहेर बघत बसायची. मग एका सकाळी तिनं वर्गात हे म्हणून दाखवलं:

गाढवा गाढवा, उठतोस ना?
बर्फ पडलंय, बघतोस ना?
उठेन गं बाई, घाई का?
आधी विचार, झोप झाली का?

दुसऱ्या दिवशी माझ्या बसमध्ये पंधरा पोरं एका सुरात गाढवाला उठवत होती. घर येईपर्यंत माझं डोकं उठलं. पण भाषा त्यांच्या तोंडात बसली, हे कबूल करायलाच हवं.

गाढवच का, असं आमच्याकडे कुणी विचारत नाही. आमच्या आईबापांनी मिरांडी ठेवली ती शेजाऱ्यांसाठी, शेतासाठी आणि जनावरांसाठी. पाद्री, डॉक्टर आणि स्वतःची मुलं यांच्याशी पोर्तुगीज. मीही काही वेगळा शहाणा निघालो नाही. दोन्ही मुलींशी मोडकंतोडकं पोर्तुगीज बोलत राहिलो, आणि घरातल्या कुत्र्याला मात्र झाडून सगळी मिरांडी कळायची. हे सांगताना मला लाज वाटते.

देओलिंदाची आई झेफाकाकू या बाबतीत सगळ्यांत कडक. तिला पोर्तुगीज येतं ते शे-दोनशे शब्द, आणि तेवढ्यातच तिनं लेक वाढवली. खा. झोप. अभ्यास कर. गोष्ट सांगायला तेवढे शब्द पुरत नाहीत, म्हणून गोष्ट कधी सांगितलीच नाही. लेक ब्रागान्साला शिकून शिक्षिका झाली. तिशीला आल्यावर दुसऱ्यांच्या आयांजवळ बसून, सोबत बटाटे सोलून, कणसं मोडून ती मिरांडी नीट बोलायला शिकली. तेव्हापासून बारा वर्षं लेक आईशी मिरांडीत बोलते आणि आई लेकीला पोर्तुगीजमध्ये उत्तर देते. मी माझ्या कानांनी ऐकलंय.

"आई, गाढवाच्या पाठीवर पोत्याखाली घालायचीस ना ती गादी, तिला काय म्हणायचं?"

"पोर्तुगीजमध्ये विचार."

"मला आपला शब्द हवाय."

"कशाला? तेवढ्यासाठी मास्तरीण केलं का तुला? जनावरांची बोली शिकवायला?"

देओलिंदा हसण्यावारी न्यायची. बसमध्ये चढली की मात्र चेहरा उतरलेला असायचा. एकदा मला म्हणाली, "गावातली सगळी म्हातारी माणसं माझ्याशी बोलतात रे. मला तिच्या तोंडून एक वाक्य हवंय. एकच. मग वर्ग बंद पडला तरी चालेल." वर्गाचं ती मनापासून बोलली नव्हती. वाक्याचं अगदी मनापासून होतं.

गेल्या जानेवारीत तिनं एक गोष्ट लिहिली. लिस्बनचा एक माणूस जत्रेत आमच्याकडचं गाढव विकत घेतो. त्याला गाजरं देतो, लोकरीची झूल घालतो, पण 'चल' म्हणतो ते पोर्तुगीजमध्ये. गाढव काही हलत नाही. पोरांना ही गोष्ट इतकी आवडली की प्रत्येकानं ती वहीत उतरवून घेतली.

त्याच महिन्यात एका गुरुवारी रस्त्यावर बर्फ घट्ट झालं आणि शाळा दुपारीच सुटली. देओलिंदा माझ्या बसनं आली. काकूच्या शेजारची सात वर्षांची बेनेदिता शेवटी उतरली. तिची आई कामावरून येईपर्यंत ती रोज काकूच्याच चुलीपाशी बसते. ती पळत आत गेली. देओलिंदा मला चाकाखाली वाळू टाकू लागली. काम आटोपून आम्ही काकूच्या दाराशी पोचलो. धूर जावा म्हणून दाराचं वरचं झापड उघडं होतं. आत बेनेदिता मोठ्यानं वाचत होती.

"आणि गाढव तीन दिवस रस्त्यात उभं राहिलं, भिंतीकडे बघत."

"भिंतीकडे कशाला बघेल?" काकू म्हणाली. मिरांडीत. देओलिंदानं माझी बाही धरली. "विकलेलं गाढव घराच्या बाजूला तोंड करून उभं राहतं. कुणी लिहिलंय हे?"

"बाईंनी."

"तिनं कधी गाढव विकलंय? आणि गाजरांचं काय कौतुक? तिकडे पोर्तो शहरात मला रोज मांस मिळायचं."

"आजी, तू पोर्तोला होतीस?"

"पंधरा वर्षांची होते. घरकामाला ठेवलं होतं. मालकीण काय म्हणते ते कळायचं नाही, आणि मी तोंड उघडलं की सगळं टेबल हसायचं. पाहुणे आले की मुद्दाम बोलवायचे, म्हणायचे, काहीतरी बोल गं. मग मी बोलणंच सोडलं. आठ महिने. स्वयंपाकघरात एक खिडकी होती, तिथं उभी राहायचे."

"घराकडे तोंड करून?"

"घर कुठल्या बाजूला तेच कळायचं नाही मला तिथं." काकूनं चुलीत लाकूड सारलं. "तेव्हाच ठरवलं. मला मुलगी झाली तर तिला कुणी हसायचं नाही."

"पण बाई तर आपलंच बोलतात."

"बोलते. माझ्या आईसारखी बोलते. हुबेहूब. कुठून शिकली कोण जाणे. माझ्याकडून तर नाही."

लेकीच्या बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात पोर्तोचं नाव काकूनं तिच्यासमोर काढलं नव्हतं. देओलिंदाच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. मी तिला कोपरानं ढोसलं.

"जा की आत. आज बोलेल ती."

"मी गेले की थांबेल," ती कुजबुजली. "बोलू दे तिला."

आम्ही तसेच उभे राहिलो. आत काकू त्या गाढवाची झूल, तिची गादी, तिचे पट्टे, एकेकाचं नाव सांगत होती. बारा वर्षं लेकीनं मागितलेले शब्द ती शेजारच्या पोरीला फुकट वाटत होती, आणि लेक ओठ हलवत पाठ करत होती. माझ्या पायांची बोटं बधिर झाली, पण मी हललो नाही.

मग सरपण आणायला काकू दाराशी आली आणि तिनं आम्हाला पाहिलं. आम्ही किती ऐकलं ते तिला कळलं असावं. तिची मान खाली गेली. चोरी पकडल्यासारखी ती दाराच्या कडीशी चाळा करत राहिली.

"बाहेर काय उभी?" ती लेकीला म्हणाली. पोर्तुगीजमध्ये. "आत ये."

मी देओलिंदाकडे पाहिलं. या वेळी तरी ती हट्ट पुरवून घेईल, मिरांडीत काहीतरी म्हणून आईला बोलतं करेल, असं मला वाटलं. तिनं गाल पुसले, खाली वाकून सरपण उचललं आणि बारा वर्षांत पहिल्यांदा आईला पोर्तुगीजमध्ये उत्तर दिलं.

"आले, आई."